सोलर वॉटर हीटर दुरुस्तीच्या वेबसाइटसाठी कीवर्ड टूल: विकत घ्यावं की फुकटात भागेल?

गरमपाणी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

वारजे-कर्वेनगर भागात आमचा सोलर वॉटर हीटरच्या दुरुस्तीचा व्यवसाय आहे. बाबांनी सुरू केला, आता मी बघतो. ट्यूब बदलणं, टाकीची गळती, क्षार काढणं, सोसायट्यांची एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) अशी कामं असतात. आजवर सगळं ओळखीवर आणि टाकीला चिकटवलेल्या स्टिकरवर चाललं. मावसभावाने सहा पानांची वेबसाइट करून दिली आहे, पण तिच्यावरून फोन काही येत नाहीत.

एका एजन्सीने पॅकेज सांगितलंय. २५ कीवर्ड (लोक गूगलमध्ये टाकतात ते शब्द) गूगलच्या पहिल्या पानावर आणायची 'गॅरंटी', शिवाय प्रत्येक उपनगरासाठी वेगळं पान. त्यांच्या यादीतला पहिला शब्द आहे 'सोलर पुणे'. त्या पैशात एखादं टूल घेऊन आपणच शब्द शोधावेत असं वाटतंय. सेमरश, अहरेफ्स, उबरसजेस्ट, मॉझ, कीवर्ड्स एव्हरीव्हेअर एवढी नावं वाचली, आणि दर डॉलरमध्ये बघून टॅब बंद केला.

आमच्यासारख्याने काय घ्यावं? आणि ही टूल्स मराठी शब्दांचे आकडे देतात का?

---

नारायणपेठी

'सोलर पुणे' शोधणाऱ्या माणसाच्या नळाला गरम पाणी येत नाहीये, हे त्या एजन्सीला कसं कळलं ते आधी विचारा. आणि गॅरंटी स्टॅम्पपेपरवर मागा. बाकी जाणकार येतीलच.

---

शोधयंत्री

नारायणपेठींनी दोन ओळींत संपवलं तेच जरा उलगडतो. मी याच क्षेत्रात नोकरी करतो, कुठलं टूल विकत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. घराच्या छतावर ३ किलोवॉटचा संच बसवला तर ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान. त्यामुळे 'सोलर' हा शब्द टाकणाऱ्यांत विजेच्या पॅनेलची चौकशी करणारे भरपूर आहेत. कुठल्याही टूलमध्ये 'सोलर पुणे' टाकलंत तर आकडा भरघोस दिसेल, पण त्यातले तुमचे गिऱ्हाईक किती हे टूल सांगणार नाही. महागडंही नाही. ते काम तुमचं.

स्वतःच पडताळून बघा. गूगल ट्रेंड्समध्ये 'सोलर पॅनेल' आणि 'सोलर वॉटर हीटर' शेजारी-शेजारी टाका, प्रदेश महाराष्ट्र, काळ पाच वर्षं. एक लक्षात ठेवा, ट्रेंड्स शोधांची संख्या देत नाही. निवडलेल्या काळातला सगळ्यात उंच बिंदू १०० धरून बाकीचं त्याच्या तुलनेत दाखवतं. म्हणून ते हंगाम ओळखायला चांगलं आणि 'महिन्याला किती लोक' यासाठी निरुपयोगी. तुमच्या धंद्याला हंगाम आहे, तेव्हा पान कधी तयार हवं ते इथे कळेल.

आता टूलबद्दल. माझं स्पष्ट मत: सहा पानांच्या आणि एका शहरापुरत्या वेबसाइटला महिन्याच्या महिन्याला पैसे भरायचं टूल लागत नाही. सेमरश आणि अहरेफ्स दोन्ही उत्तम आहेत, मी रोज वापरतो. पण त्यांची खरी ताकद प्रतिस्पर्ध्यांच्या हजारो पानांची चिरफाड करण्यात, बॅकलिंक (दुसऱ्या साइट्सनी दिलेल्या लिंका) मोजण्यात आणि अनेक देशांतल्या क्रमवारीवर नजर ठेवण्यात आहे. शिवाय त्यांच्या नेहमीच्या कीवर्ड अहवालातला आकडा देशाचा असतो. 'सोलर हीटर रिपेअर'चा भारताचा आकडा घेऊन वारज्यात काय करणार?

पुणे शहर निवडून आकडा बघायचा तर गूगल कीवर्ड प्लॅनर. तो गूगल अ‍ॅड्सच्या खात्यात असतो आणि फुकट आहे. खातं उघडताना जाहिरात चालू करायला लावण्याकडे त्यांचा कल असतो. कॅम्पेनशिवाय पुढे जायची वाट बारीक अक्षरात असते, ती शोधा.

---

फोडणीपोळी

वाचतेय. माझं घरगुती डब्यांचं आहे, प्रश्न तोच. शोधयंत्री, प्लॅनरमध्ये मला नुसतं '१०० ते १ हजार' असं दिसतं. म्हणजे शंभर की हजार? यावरून ठरवायचं तरी काय?

---

शोधयंत्री

फोडणीपोळीताई, खात्यातून जाहिरातीवर खर्च होत नसेल तर प्लॅनर असे ढोबळ पट्टेच दाखवतो. जाहिरात चालू असेल तर आकडे बारीक होतात. पण तुम्हाला बारीक आकडा हवाय कशाला? शब्दांची आपसांत तुलना करायला पट्टाही पुरतो.

त्या तक्त्यात आणखी दोन गोष्टींनी लोक फसतात.

'काँपिटिशन' हा रकाना जाहिरातदारांतली चुरस दाखवतो. त्या शब्दावर फुकटात वर येणं सोपं की अवघड, याच्याशी त्याचा संबंध नाही. 'लो' दिसलं म्हणून उड्या मारू नका, 'हाय' दिसलं म्हणून शब्द सोडूही नका.

दुसरं, प्लॅनर जवळजवळचे शब्द एकत्र मोजतो. एकवचन-अनेकवचन, स्पेलिंगमधल्या चुका वगैरे. म्हणून दोन शब्दांपुढे हुबेहूब सारखा आकडा दिसला तर ते वेगवेगळे समजून बेरीज करू नका.

उलट ज्याकडे कोणी बघत नाही तो रकाना कामाचा आहे: पानाच्या वरच्या भागातल्या जाहिरातीसाठी लोक एका क्लिकला किती बोली लावतात, त्याची खालची आणि वरची रक्कम. बोली जास्त म्हणजे तो शब्द शोधणाऱ्याकडून धंदा मिळतो असं कोणाला तरी खिशातले पैसे घालून वाटतंय. मी शोधसंख्येआधी ते बघतो.

---

बाणेर_बायपास

शोधयंत्रींच्या 'पैसे भरायचं टूल लागत नाही' याला माझा विरोध. आमचा इंटिरियरचा व्यवसाय आहे. प्रतिस्पर्ध्याला कुठल्या पानावर लोक मिळतात हे सेमरशशिवाय कळलंच नसतं. फुकटच्या साधनांनी फक्त आपल्या डोक्यात आधीच असलेले शब्द तपासता येतात. जे सुचलेलेच नाहीत ते कुठून आणणार?

---

शोधयंत्री

मुद्दा रास्त आहे, आणि इंटिरियरमध्ये मी तुमच्या बाजूने बोलेन. तिथे एका कामाची रक्कम लाखांत, लोक महिनोन्‌महिने फोटो बघत हिंडतात, शेकडो पानं लागतात. ट्यूब बदलायला माणूस हवा असतो तो उद्या सकाळी.

तरी न सुचलेल्या शब्दांसाठी कीवर्ड प्लॅनरमध्येच 'वेबसाइटपासून सुरुवात' असा पर्याय आहे. तिथे प्रतिस्पर्ध्याच्या पानाचा पत्ता टाका, गूगल त्या पानावरून शब्द सुचवतो. सेमरशच्या फुकट खात्यातही रोज मोजके शोध करता येतात. अगदी हवंच असेल तर एक महिना घ्यायचं, यादी उतरवून ठेवायची आणि बंद करायचं. शब्द दर महिन्याला बदलत नाहीत.

---

भोसरी_सीएनसी

आमचा अनुभव वेगळाच आहे म्हणून लिहितो. भोसरी एमआयडीसीत जिग-फिक्स्चर (यंत्रभाग नेमका धरून ठेवणारे साचे) आणि एसपीएम (एकाच कामासाठी बनवलेली खास यंत्रं) बनवतो. आमच्या कामाचे नेमके शब्द प्लॅनरमध्ये टाकले तर आकड्याच्या जागी आडवी रेघ येते. म्हणजे टूलच्या हिशेबाने जगात कोणाला आमची गरज नाही.

तरीही 'लीक टेस्टिंग फिक्स्चर'चं साधं पान केलं. त्यात कुठल्या भागासाठी, किती दाबाला, सायकल टाइम किती, एवढंच लिहिलं. चाकणहून चौकश्या येतात त्या त्याच पानावरून. परचेसचा माणूस जे ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं तेच गूगलमध्ये टाकतो. वर्षातून थोडे जरी आले तरी आम्हाला पुरतात. शून्य आकड्याचा शब्द फेकू नका, एवढंच सांगायचं होतं.

---

नारायणपेठी

+१. गूगल स्वतः सांगतं की रोजच्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के त्यांनी आधी कधी पाहिलेलेच नसतात. त्यांचा आकडा कुठलं टूल देणार, कप्पाळ?

---

गरमपाणी

सगळ्यांचे आभार. सीएनसीसाहेब, तुमचं वाचून एक सुचलं. आमच्याकडे तक्रारवही आहे. फोन आला की आई लिहून घेते, आणि गिऱ्हाईक बोलतं तसंच लिहिते. 'वरची पाइप सतत गळते', 'सकाळी कोमट, दुपारी उकळतं', 'ट्यूबची खालची चांदी पांढरी झाली', 'टँकरच्या पाण्याने जाम झालाय', 'हॉलच्या नळाला येतं, बाथरूमला नाही'. वेबसाइटवर आपण लिहिलंय 'सर्वोत्तम सौर ऊर्जा उपाय'. आता वाचतानाही कसंतरी होतंय.

---

शोधयंत्री

गरमपाणी, ती वही कुठल्याही टूलपेक्षा मोलाची आहे, टाकू नका! एजन्सीकडे नसलेली गोष्ट तीच.

आता असं करा. वहीतली एकेक तक्रार गूगलच्या चौकटीत अर्धवट टाइप करा आणि थांबा. खाली जे सुचवलं जातं ते लोकांनी शोधलेलं असतं. निकालांच्या मधे 'लोक हेही विचारतात' आणि तळाशी संबंधित शोध असतात, तेही उतरवा. ब्राउझरच्या खासगी खिडकीत करा, नाहीतर तुमच्याच जुन्या शोधांची सावली पडते.

मग प्रत्येक शब्दाचा निकाल डोळ्यांनी बघा. ही पायरी लोक गाळतात. तुम्हाला तीन प्रकार दिसतील.

नकाशा आणि खाली तीन दुकानं आली, तर गूगलला वाटतंय की माणसाला जवळचा कारागीर हवाय. तिथे वेबसाइटइतकंच, किंबहुना जास्त, तुमचं गूगल बिझनेस प्रोफाइल (नकाशावर दिसते ती व्यवसायाची नोंद) चालतं.

जस्टडायल, सुलेखा, इंडियामार्टसारख्या याद्याच याद्या आल्या, तर तिथे सहा पानांची साइट नुसत्या शब्दांच्या जोरावर वर येणं कठीण. टूलमधला 'डिफिकल्टी' (वर येणं किती अवघड) आकडा कमी दिसला तरीही. अहरेफ्सचा तो आकडा मुख्यतः वरच्या दहा पानांना किती वेगवेगळ्या साइट्सनी लिंक दिली यावर निघतो. दुसऱ्या टूलचा वेगळ्या हिशेबाने. म्हणून एका टूलमधले ३० आणि दुसऱ्यातले ३० यांची तुलना करू नये.

आणि सगळ्यात वर एआयने लिहिलेलं उत्तर आलं, तर तिथे क्लिक कमीच मिळणार. हे एआय ओव्हरव्ह्यू भारतात ऑगस्ट २०२४ पासून दिसतात, 'असं का होतं' छापाच्या प्रश्नांवर विशेष. 'ट्यूब पांढरी का होते' याचं उत्तर तिथेच मिळेल. पण उत्तर वाचून ट्यूब बदलली जात नाही, त्यामुळे ते पान लिहाच. फक्त त्यात दर, किती वेळ लागतो आणि फोन नंबर ठळक असू द्या.

---

वाघोलीचा_वैताग

धाग्यात घुसतोय, क्षमस्व. आमच्या चार ट्यूबांची खालची चांदी खरंच पांढरी झालीय. म्हणजे नक्की काय? बोअरच्या पाण्यामुळे का?

---

गरमपाणी

नाही हो, पाण्याचा दोष नाही. ट्यूबच्या दोन काचांमधे निर्वात पोकळी असते. तळाची चांदीसारखी चकाकी म्हणजे बेरियमचा थर. हवा आत शिरली की तो पांढरा पडतो. अशी ट्यूब उष्णता धरत नाही, बदलावीच लागते. बोअरचं पाणी क्षार साठवतं, तो वेगळा आजार. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

---

नारायणपेठी

शोधयंत्री, वरचा प्रतिसाद जसाच्या तसा वेबसाइटवर टाकायला सांगा त्यांना. एजन्सी याचे किती घेते?

---

आयटीवाला_हिंजवडी

एवढं कशाला करता? चॅटजीपीटीला सांगा 'पुण्यातल्या सोलर हीटर दुरुस्तीसाठी ५० कीवर्ड दे, महिन्याच्या शोधसंख्येसकट'. दोन मिनिटांत तक्ता तयार.

---

शोधयंत्री

शब्द सुचवायला चांगलं आहे, मीही वापरतो. वहीतल्या तक्रारी देऊन गट पाडायला सांगा, छान पाडतं. पण शोधसंख्येचा रकाना फाडून टाका. त्याला कीवर्ड डेटा जोडून दिलेला नसेल तर ते आकडे अंदाजपंचे असतात, आणि दिसतात मात्र अगदी खरे.

---

फोडणीपोळी

मराठीचं राहिलंच की. देवनागरीत कोणी शोधतं का?

---

शोधयंत्री

शोधतात, बोलून शोधणारे तर हमखास. पण पुण्यात दुरुस्तीसारख्या कामाला बरेच जण इंग्रजी शब्द टाकतात, किंवा मराठी वाक्य इंग्रजी अक्षरांत. आणि इंग्रजी अक्षरांतल्या मराठीला शुद्धलेखन नाही. तुमच्याच 'उकडीचे मोदक'चं बघा, पहिल्या शब्दात 'के'नंतर 'ए' घालणारे आणि गाळणारे दोन्ही सापडतील. प्लॅनर आणि बाकीची टूल्स इथे लंगडी पडतात, आकडे तुटक येतात.

इथे खरं काम करतं गूगल सर्च कन्सोल. ते अंदाज देत नाही. तुमची साइट कुठल्या शोधावर दिसली, किती वेळा, कितव्या क्रमांकावर, किती जणांनी क्लिक केलं, हे सांगतं. अक्षरं कुठलीही असोत. फुकट आहे आणि मागच्या १६ महिन्यांचा डेटा ठेवतं. फार थोड्या लोकांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी लपवतं, तेवढं धरून चला.

त्यात ८ ते २० क्रमांकावर अडकलेले शब्द बघायचे. गूगलने तुमचं पान त्या शब्दासाठी ओळखलंय, पण वर न्यायला पुरेसं सापडलेलं नाही. नवा शब्द शोधत बसण्यापेक्षा त्याच पानात त्या प्रश्नाचं नीट उत्तर लिहिणं जास्त फळतं. अहरेफ्सचं वेबमास्टर टूल्सही स्वतःच्या साइटसाठी फुकट मिळतं. ते हवं तर नंतर जोडा, आधी सर्च कन्सोल.

---

बाणेर_बायपास

आणि उपनगरांच्या वेगळ्या पानांचं काय? आम्हाला तरी त्याचा फायदा झाला.

---

शोधयंत्री

तुमच्या पानांवर त्या-त्या भागातल्या केलेल्या घरांचे फोटो असणार, म्हणून झाला. तोच मजकूर ठेवून 'कोथरूड'च्या जागी 'खराडी' करत गेलेल्या पानांना गूगलच्या स्पॅम नियमांत डोअरवे (नुसती शोधात वर यायला केलेली पानं) म्हटलंय, आणि ती काढून टाकली जाऊ शकतात. 'नियर मी' हे शब्द मजकुरात कोंबण्याचाही उपयोग नाही. माणूस कुठे उभा आहे ते गूगलला आधीच कळतं.

गरमपाणी, तुमचं दुकान नसेल आणि तुम्ही घरोघरी जात असाल तर बिझनेस प्रोफाइलवर पत्ता लपवून सेवेचा भाग देता येतो, २० पर्यंत. नावात 'बेस्ट सोलर रिपेअर पुणे' असले शब्द घालू नका, पाटीवर आहे तेच नाव. नाहीतर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. त्याच प्रोफाइलच्या परफॉर्मन्समध्ये लोकांनी काय शोधून तुम्हाला पाहिलं तेही दिसतं. तीही फुकटची कीवर्ड यादीच.

---

सोसायटी_सेक्रेटरी

गिऱ्हाइकाच्या बाजूने एक. आम्ही 'सोलर एएमसी' शोधतो ते मिळकतकराच्या सवलतीपायी. पुणे महापालिका सोलर, पर्जन्यजल संधारण, गांडूळखत यांसाठी सवलत देते, पण प्रकल्प चालू असायला हवा. बंद पडलेल्या टाक्या छतावर घेऊन बसलेल्या सोसायट्या खूप आहेत. त्यांच्यासाठी वेगळं पान असेल तर कमिटी मीटिंगमध्ये लिंक फिरवू. दोनशे लिटरच्या किती टाक्यांना वर्षाला किती, एवढं लिहा. कोटेशनसाठी फोन करायला लावणाऱ्या साइट्स आम्ही सोडून देतो.

---

गरमपाणी

सेक्रेटरीसाहेब, हे डोक्यातच नव्हतं. एएमसीचं पान आधी करतो, दरासकट.

---

खतावणी

कोणी एका महिन्यासाठी टूल घेणारच असेल तर हिशेबाची बाजू. सेमरश-अहरेफ्सचे पूर्ण सुविधांचे प्लॅन १०० डॉलरच्या वरच सुरू होतात. अहरेफ्सचा २९ डॉलरचा स्टार्टर आहे, पण हात आखडता. त्यावर कार्डाचा परकीय चलनाचा आकार वेगळा. जीएसटी नोंदणी नसेल तर १८ टक्के धरून चाला. नोंदणी असेल तर रिव्हर्स चार्जने स्वतः भरून क्रेडिट घेता येतं, सीएला विचारा. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे १५,००० रुपयांच्या वरचं आपोआप नूतनीकरण ओटीपीशिवाय होत नाही. त्याखालचं मात्र ओटीपी न मागता कापलं जातं, म्हणून घेतल्या दिवशीच रद्द करून ठेवा. सहसा भरलेला महिना पूर्ण वापरता येतो.

---

गरमपाणी

एजन्सीला नकार कळवला. मावसभावाला सर्च कन्सोल जोडायला सांगितलं तर तो म्हणतो डोमेनच्या (वेबसाइटच्या नावाच्या) डीएनएस सेटिंगमध्ये टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे पडताळणीची एक ओळ, टाकावी लागते, आणि डोमेन त्याने मित्राच्या खात्यातून घेतलंय. मित्र दुबईला आहे, फोन उचलत नाही. आता?

---

शोधयंत्री

डोमेन प्रॉपर्टी निवडली की डीएनएस मागतो. त्याऐवजी यूआरएल प्रीफिक्स निवडा. तिथे गूगल देतो ती एचटीएमएल फाइल साइटवर चढवली किंवा मुखपृष्ठाच्या हेडमध्ये एक टॅग टाकला की काम होतं, मावसभावाकडे साइटचं लॉगिन आहे तेवढं पुरे. पत्ता एचटीटीपीएससकट, साइट उघडते तसाच टाका.

पण मित्र फोन उचलेल तेव्हा पहिलं काम डोमेन स्वतःच्या किंवा बाबांच्या नावावर करून घेणं. नूतनीकरणाची तारीख त्याच्याच ईमेलवर जातेय.

---

नारायणपेठी

हूइजमध्ये (डोमेनची नोंद दाखवणारी सोय) डोमेन टाकून मुदत कधी संपते ते आत्ताच बघा, मित्राची वाट बघू नका.